रॉली-कॅरीत अटकेची नोंद शोधायची असेल तर: कुठे, कोणत्या क्रमाने आणि काय तपासून

रॉलीत एखाद्याला अटक झाली होती का, हे शोधायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर चुकतो. गूगलमध्ये नाव टाकतो, सगळ्यात वर आलेल्या खासगी साइटला कार्ड नंबर देतो, आणि हातात पडतो तो नावसाधर्म्यावर उभा केलेला अर्धवट अहवाल. त्यात अटक दिसते, पण पुढे काय झालं ते दिसत नाही. तेवढ्यावरून कुणाचं भाड्याचं घर जातं, कुणाचं ठरत आलेलं लग्न मोडतं. हीच माहिती सरकारी कार्यालयांत खुली असते आणि बरीचशी फुकट मिळते. फक्त ती योग्य क्रमाने मागावी लागते.

खाली दिलेली पद्धत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे. म्हणजे रॉली, एपेक्स, आणि कॅरी व मॉरिसव्हिलचा बहुतेक भाग. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, त्यामुळे टेक्सासमधल्या चुलतभावाने सांगितलेली युक्ती इथे चालेलच असं नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. अटकेची अशी एकच नोंद नसते. पोलिसांचा अटकेचा अहवाल वेगळा, तुरुंगातली दाखल-नोंद वेगळी आणि कोर्टाची फाइल वेगळी. तिन्ही वेगवेगळ्या कार्यालयांत राहतात आणि एकमेकांना आपोआप दुरुस्त करत नाहीत. आरोप रद्द झाला तरी पोलिसांच्या कागदावर तो तसाच राहतो. शेवट काय झाला हे फक्त कोर्टाची फाइल सांगते, म्हणून शोध तिथपर्यंत नेल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

## तयारी: संगणकासमोर बसण्याआधी

### नेमकं काय हवंय ते ठरवा

चार वेगवेगळ्या गरजा असतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी.

१. ओळखीच्या कुणाला काल रात्री अटक झाली आहे, तो आत्ता कुठे आहे? टप्पा २ पासून सुरुवात करा.

२. एखाद्याला पूर्वी अटक झाली होती का आणि निकाल काय लागला? टप्पा १, मग थेट ३ आणि ४.

३. स्वतःच्या जुन्या प्रकरणाचे कागद ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या अर्जासाठी हवेत? टप्पा ३ आणि ६. हे काम सगळ्यात काळजीने करायचं.

४. एखाद्या घटनेचा पोलिसांचा अहवाल हवा? टप्पा ५.

### नावाचा कागद करा

आपल्या लोकांचे शोध सगळ्यात जास्त इथे फसतात. मराठी माणसाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अमेरिकन कागदांवर कसंही विखुरलेलं असतं. काहींच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं असतं, काहींच्या नावाची जागा रिकामी असून सगळं आडनावाच्या रकान्यात गेलेलं असतं. मग ड्रायव्हिंग लायसन्सवर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, असं येतं. पोलीस समोर धरलेल्या लायसन्सवरून लिहितात. लायसन्स नसेल तर ऐकून लिहितात, आणि मग ‘देशपांडे’चं काहीही होऊ शकतं.

म्हणून कागदावर हे आधी लिहून ठेवा:

- पासपोर्टवरचं आणि लायसन्सवरचं नाव, दोन्ही, अक्षरन् अक्षर
- आडनावाची शक्य असलेली इंग्रजी स्पेलिंगं, लग्नाआधीचं आडनावही
- जन्मतारीख
- घटना कधी आणि कुठे झाली: रस्ता, दुकान, एक्झिट नंबर, जे आठवेल ते
- अटक करणाऱ्याचा गणवेश किंवा गाडीवरचं नाव आठवत असेल तर तेही

तपासणी: अमेरिकन तारखेत महिना आधी येतो. ०४/०५ म्हणजे ५ एप्रिल. घरच्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली तारीख आणि कोर्टाच्या पानावरची तारीख जुळवताना हे विसरलात, तर बरोबर माणूस चुकीचा ठरवाल.

## टप्पा १: काउंटी आणि पोलीसदल ओळखा

शहराच्या नावाने शोधू नका. कोर्ट काउंटीप्रमाणे चालतं.

रॉली वेक काउंटीत आहे, पण शहराचा एक छोटा तुकडा डरहॅम काउंटीत पडतो. मॉरिसव्हिलचंही तसंच. कॅरी पश्चिमेकडे चॅथम काउंटीत शिरलं आहे. रिसर्च ट्रँगल पार्क तर डरहॅम आणि वेक अशा दोन काउंट्यांत पसरलेलं आहे. ऑफिसमधून घरी येताना गाडी कुठे अडवली, यावर प्रकरण कोणत्या कोर्टात गेलं ते ठरतं. पत्त्यात ‘मॉरिसव्हिल’ लिहिलंय म्हणून वेकमध्ये शोधायचं आणि काहीच मिळालं नाही म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकायचा, ही नेहमीची चूक.

मग पोलीसदल. रॉली शहरात रॉली पोलीस असतातच, पण त्याच रस्त्यावर वेक काउंटीचा शेरीफ, राज्याची हायवे पेट्रोल, नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीचे पोलीस आणि विमानतळाचे पोलीस हेही अटक करू शकतात. कॅरी, एपेक्स आणि मॉरिसव्हिल यांची आपापली दलं आहेत. आय-४० वर दारू पिऊन गाडी चालवल्याची अटक अनेकदा हायवे पेट्रोलची असते. तिचा अहवाल रॉली पोलिसांकडे मागितलात तर ‘आमच्याकडे नोंद नाही’ असं उत्तर येईल, आणि ते खरंच असेल.

दल माहीत नसेल तर अडून बसू नका. कोर्टाच्या फाइलमध्ये अधिकाऱ्याचं आणि त्याच्या दलाचं नाव असतं. आधी टप्पा ३ करून परत इथे या.

## टप्पा २: माणूस आत्ता ताब्यात आहे का?

वेक काउंटीत अटक झाल्यावर माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर नेतात. मॅजिस्ट्रेट आरोपाचा कागद काढतो आणि सुटकेच्या अटी ठरवतो. बोटांचे ठसे, फोटो आणि ओळख नोंदवण्याचं काम सिटी-काउंटी ब्युरो ऑफ आयडेंटिफिकेशन करतं; इथे सगळे त्याला ‘सीसीबीआय’ म्हणतात. सुटका झाली नाही तर माणूस शेरीफच्या ताब्यात जातो. मुख्य तुरुंग हॅमंड रोडवरचं डिटेन्शन सेंटर.

क्रम असा ठेवा:

१. शेरीफच्या वेबसाइटवर कैद्यांची यादी शोधा. आडनाव पूर्ण टाकण्याआधी त्याची पहिली तीन-चार अक्षरंच टाकून पाहा.

२. तिथे नसेल तर व्हाइनलिंकवर पाहा. पीडितांना कैद्याच्या सुटकेची सूचना देणारी ती यंत्रणा आहे, आणि इतर काउंट्यांचे तुरुंगही तिच्यात सापडतात.

३. तरीही नसेल तर तुरुंगाला फोन करून पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा. कर्मचारी कायद्याचा सल्ला देणार नाहीत. माणूस आत आहे का, आरोप काय आणि बाँड, म्हणजे जामिनाची रक्कम, किती, एवढंच विचारा.

सावधान: अटकेनंतर नाव यादीत यायला काही तास जातात. रात्री ११ ला अटक झाली आणि १ वाजता नाव दिसत नाही, याचा अर्थ सुटका झाली असा घेऊ नका.

बाँडच्या रकान्यात काय लिहिलंय ते नीट वाचा. ‘रिटन प्रॉमिस’ म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर सुटका; डिसेंबर २०२५ पासून हा प्रकार बंद झाला आहे, त्यामुळे तो जुन्या नोंदींतच दिसेल. ‘अनसिक्युअर्ड’ म्हणजे आत्ता पैसे भरायचे नाहीत, पण हजर राहिला नाही तर रक्कम द्यावी लागेल. ‘सिक्युअर्ड’ म्हणजे पैसे, मालमत्ता किंवा बाँड्समन (फी घेऊन जामीन राहणारा माणूस) आणल्याशिवाय सुटका नाही. रकाना रिकामा असेल किंवा ‘नो बाँड’ असेल आणि आरोप घरगुती हिंसेचा असेल, तर एक खास नियम लागतो. अशा प्रकरणात पहिल्या ४८ तासांत सुटकेच्या अटी न्यायाधीशच ठरवू शकतो, मॅजिस्ट्रेट नाही. शुक्रवारी रात्रीची अटक असेल तर शनिवारी पैसे घेऊन गेलात तरी माणूस बाहेर न येण्याची शक्यता मोठी. यात तुरुंगाची चूक नसते. तिथे भांडण्याऐवजी त्या वेळात वकील गाठा.

तुरुंगाच्या यादीचा उपयोग एवढाच. माणूस सुटला की तो यादीतून जातो. जुनी अटक शोधायला ही यादी वापरू नका.

## टप्पा ३: कोर्टाच्या पोर्टलवर शोधा

फेब्रुवारी २०२३ मध्ये वेकसह चार काउंट्यांत राज्याची ईकोर्ट्स यंत्रणा सुरू झाली. त्यानंतर कोर्टाची फाइल घरबसल्या बघता येते, खातं उघडावं लागत नाही आणि बघायला पैसे लागत नाहीत. राज्याच्या न्यायालयांच्या अधिकृत वेबसाइटवरून ‘पोर्टल’ उघडा. शोध-इंजिनात वर येणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका. त्यांची नावं मुद्दाम सरकारी वाटतील अशी ठेवलेली असतात.

१. ‘स्मार्ट सर्च’ निवडा.

२. नाव टाकताना आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग पहिलं नाव. उलट टाकलं तर निकाल शून्य येतो आणि माणूस निर्धास्त होतो.

३. स्पेलिंगची खात्री नसेल तर सुरुवातीची अक्षरं टाकून पुढे तारांकन द्या. ‘कुलकर्णी’साठी पहिली चार अक्षरं आणि तारांकन. असं केल्याने ऐकून लिहिलेली चुकीची स्पेलिंगंही जाळ्यात येतात.

४. पुढच्या पर्यायांत ठिकाण म्हणून वेक निवडा. काही मिळालं नाही तर डरहॅम, चॅथम आणि जॉन्स्टनही पाहा.

५. नाव आणि आडनाव अदलाबदल करून पुन्हा शोधा. वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकूनही एकदा पाहा. कंटाळवाणं आहे, पण आपल्या नावांच्या बाबतीत ही पायरी गाळायची नाही.

सापडलेल्या प्रकरणाचा क्रमांक कागदावर उतरवा. त्याची घडण समजली की अर्धं काम होतं. सुरुवातीला वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग प्रकरणाचा प्रकार, मग अनुक्रमांक, आणि शेवटी काउंटीचा संकेतांक. वेकचा ९१०, डरहॅमचा ३१०. म्हणजे ‘२४ सीआर’ ने सुरू होऊन ९१० ने संपणारा क्रमांक हे वेक काउंटीत २०२४ मध्ये दाखल झालेलं फौजदारी प्रकरण.

सावधान: ‘सीआर’ दिसलं म्हणजे अटक झाली असं नाही. नॉर्थ कॅरोलायनात वेगमर्यादेपेक्षा ताशी १५ मैलांहून जास्त वेगाने गाडी चालवणं हा किरकोळ का होईना, फौजदारी गुन्हा आहे. पोलिसाने रस्त्याकडेला साइटेशन, म्हणजे चलन, हातात दिलं आणि माणूस घरी गेला, तरी त्याच्या नावावर सीआर प्रकरण उभं राहतं. अटक झाली होती का हे कळायला फाइलमधला पहिला कागद बघा. साइटेशन किंवा क्रिमिनल समन्स असेल तर बहुधा अटक नाही. अॅरेस्ट वॉरंट बजावलेलं असेल, किंवा वॉरंटशिवाय झालेल्या अटकेनंतर निघणारी मॅजिस्ट्रेट्स ऑर्डर असेल, तर अटक झाली.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात एकाच रात्रीच्या दोन फाइल दिसू शकतात: एक फौजदारी, आणि दुसरी लायसन्स तात्पुरतं रद्द केल्याची दिवाणी. ते दोन गुन्हे नाहीत.

तपासणी: हा माणूस तोच आहे का? नाव जुळणं पुरेसं नाही. वय किंवा जन्मतारीख, पत्ता आणि घटनेची जागा यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. अमित जोशी आणि स्नेहा पाटील या नावांची माणसं एकट्या कॅरीत किती असतील याचा विचार करा.

फेब्रुवारी २०२३ पूर्वीच्या प्रकरणांची नोंद पोर्टलवर दिसते, पण आतले कागद बऱ्याचदा स्कॅन केलेले नसतात. त्यासाठी टप्पा ६.

## टप्पा ४: निकाल वाचायला शिका

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक या टप्प्यावर होते, म्हणून इथे घाई नको. आरोपाच्या ओळीपुढे ‘डिस्पोझिशन’, म्हणजे त्या आरोपाचा निकाल, असतं. एका फाइलमध्ये तीन आरोप असतील तर तीन वेगळी डिस्पोझिशन्स असू शकतात. प्रत्येक ओळ वाचा.

- व्हॉलंटरी डिसमिसल: सरकारी वकिलाने आरोप मागे घेतला. त्या आरोपात दोषसिद्धी नाही.

- डिसमिसल विथ लीव्ह: शब्द जवळजवळ तोच, अर्थ अगदी वेगळा. आरोपी हजर झाला नाही किंवा सापडला नाही म्हणून प्रकरण तात्पुरतं बाजूला ठेवलेलं असतं, आणि सरकारी वकील ते केव्हाही पुन्हा उघडू शकतो. भारतात परत गेलेल्या काही जणांच्या नावावर अशी प्रकरणं वर्षानुवर्षं पडून असतात. व्हिसाच्या वेळी ती समोर येतात. स्वतःच्या नावापुढे हे दिसलं तर ‘प्रकरण मिटलं’ असं कुणालाही सांगू नका. आधी वकील गाठा.

- प्रेयर फॉर जजमेंट कंटिन्यूड: इथले वकील ‘पीजेसी’ म्हणतात. दोष मान्य किंवा सिद्ध झालेला असतो, पण न्यायाधीश शिक्षा सुनावणं पुढे ढकलतो. वाहतुकीच्या प्रकरणांत हे सर्रास दिसतं. ‘केस सुटली’ असं समजू नका.

- डिफर्ड प्रॉसिक्युशन आणि कंडिशनल डिस्चार्ज: अटी पाळल्या तर आरोप रद्द. राज्याच्या दृष्टीने शेवट चांगला. पण गुन्हा कबूल करून मिळालेला कंडिशनल डिस्चार्ज इमिग्रेशन कायद्यात दोषसिद्धी धरला जाऊ शकतो. व्हिसावर असलेल्या माणसाने हा पर्याय घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारलंच पाहिजे. फक्त फौजदारी वकिलाच्या शब्दावर सही करू नका.

- नो प्रॉबेबल कॉज: आरोप पुढे चालवण्याइतका आधार न्यायाधीशाला दिसला नाही.

गंभीर गुन्ह्याचं प्रकरण डिस्ट्रिक्ट कोर्टात सुरू होऊन सुपीरियर कोर्टात जातं. खालच्या कोर्टातली ओळ अर्धवट वाटली तर वरच्या कोर्टातली नोंद शोधा. फाइलमध्ये ‘ऑर्डर फॉर अॅरेस्ट’ दिसली आणि ती रद्द झाल्याची नोंद नसेल, तर ते प्रकरण अजून जिवंत आहे.

## टप्पा ५: पोलिसांकडून अटकेची माहिती मागणं

प्रकरण क्रमांक, तारीख आणि पोलीसदल हाती आल्यावरच इथे या. अर्ज त्या दलाच्या शहराकडे, टाउनकडे किंवा काउंटीकडे करायचा. रॉली आणि कॅरी दोघांच्याही वेबसाइटवर पब्लिक रेकॉर्ड्स मागण्याची सोय आहे.

कायदा तुमच्या बाजूने आहे. राज्याच्या पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याप्रमाणे (प्रकरण १३२) अटक झालेल्या व्यक्तीचं नाव, लिंग, वय, पत्ता, नोकरी आणि आरोप ही माहिती खुली आहे. अटकेची वेळ व जागा, विरोध झाला का, शस्त्र होतं का, पाठलाग झाला का, काय जप्त केलं, हेही खुलं. माहिती कशासाठी हवी हे सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. मात्र उत्तर किती दिवसांत द्यायचं याची ठरावीक मुदत कायद्यात नाही. ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच लिहिलं आहे. म्हणून अर्ज नेमका हवा.

अर्जात पाच ओळी पुरतात. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक व्यक्तीला झालेल्या अटकेबद्दल माहिती हवी आहे. कोर्टातला प्रकरण क्रमांक अमुक. कलम १३२-१.४ खाली खुली असलेली सर्व माहिती आणि अटकेचा अहवाल द्यावा. प्रत इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पाठवावी. शुल्क लागणार असेल तर आधी कळवावं.

‘या माणसाबद्दल तुमच्याकडे असेल ते सगळं द्या’ असं लिहू नका. असा अर्ज रांगेत मागे पडतो, किंवा तो शोधण्याच्या श्रमाचं जादा शुल्क लागतं.

सावधान: तपासाचे कागद, म्हणजे साक्षीदारांचे जबाब, अधिकाऱ्याची टिपणं वगैरे, खुले नसतात. बॉडी कॅमेऱ्याचं चित्रीकरण पब्लिक रेकॉर्ड धरलंच जात नाही. चित्रीकरणात दिसणारी व्यक्ती ते पाहू देण्याची विनंती करू शकते, पण प्रत मिळवायला न्यायाधीशाचा आदेश लागतो. ९११ ला केलेल्या फोनची ध्वनिफीत हवी असेल तर ३० दिवसांच्या आत मागा. त्यापुढे ती जपून ठेवायचं बंधन पोलिसांवर नाही.

## टप्पा ६: क्लार्ककडून प्रमाणित कागद

पोर्टलवरून छापलेलं पान माहितीसाठी ठीक. इमिग्रेशन, लायसन्सिंग बोर्ड किंवा कोर्ट यांना ते चालत नाही. त्यांना शिक्का असलेली सर्टिफाइड कॉपी हवी असते, आणि ती कोर्टाच्या नोंदी सांभाळणारा अधिकारी, क्लार्क ऑफ सुपीरियर कोर्ट, हाच देतो. वेकचं फौजदारी कामकाज रॉलीत ३०० साउथ सॅलिसबरी स्ट्रीटवरच्या जस्टिस सेंटरमध्ये चालतं.

दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. कोणती हवी ते खिडकीवर स्पष्ट सांगा.

१. ठरावीक प्रकरणाचे कागद. आरोपपत्र आणि निकाल, दोन्ही प्रमाणित करून मागा. फक्त निकालाचं पान घेऊन परत येणारे बरेच असतात आणि त्यांना पुन्हा खेटा पडतो. साध्या प्रतीला पहिल्या पानाचे २ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक पानाचे २५ सेंट. प्रमाणित करण्याचं शुल्क वेगळं.

२. क्रिमिनल रेकॉर्ड सर्च. एका नावावर त्या काउंटीत काय आहे याचं प्रमाणित उत्तर. अर्जाचा नमुना एओसी-सीआर-३१४, शुल्क प्रत्येक नावाला २५ डॉलर. पूर्ण नाव आणि जन्मतारीख लागते. लक्षात ठेवा, हे उत्तर फक्त त्याच काउंटीपुरतं असतं. वेकमध्ये ‘काही नाही’ असा कागद मिळाला, तरी डरहॅमबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. एन-४०० अर्जात कधीही झालेल्या अटकेबद्दल विचारतात आणि आरोप रद्द झालेला किंवा नोंद पुसलेली असली तरी ती सांगावी लागते. नॉर्थ कॅरोलायनात नोंद पुसली जाते तेव्हा कोर्टाची फाइलच उपलब्ध राहत नाही. मग क्लार्क ‘नोंद नाही’ म्हणतो, इमिग्रेशन अधिकारी निकालाचा कागद मागतो, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये अडकता. म्हणून एक्सपंजमेंटचा, म्हणजे नोंद पुसण्याचा, अर्ज करण्याआधी आरोपपत्र आणि निकाल यांच्या प्रमाणित प्रती, दोन-तीन संच, काढून घरी ठेवा. काही रद्द झालेले आरोप कायद्यानुसार अर्जाशिवायही पुसले जाऊ शकतात, त्यामुळे खटला संपला त्याच आठवड्यात प्रती घेणं उत्तम. एक्सपंजमेंटचा आदेश निघाला की त्याचीही प्रमाणित प्रत त्याच फाइलमध्ये लावा.

## टप्पा ७: काउंटीच्या बाहेरच्या जागा

वर काही मिळालं नाही किंवा प्रकरण तुरुंगवासापर्यंत गेलं असेल तरच या जागा तपासा.

राज्याचा तुरुंग. डिपार्टमेंट ऑफ अॅडल्ट करेक्शनच्या सार्वजनिक शोधात १९७२ पासूनचे शिक्षा झालेले लोक आहेत. नुसती अटक तिथे दिसत नाही.

केंद्रीय प्रकरण. एफबीआयने किंवा दुसऱ्या केंद्रीय यंत्रणेने अटक केली असेल तर राज्याच्या पोर्टलवर काहीच नसतं. केंद्रीय कोर्टांच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘पेसर’ या साइटवर खातं उघडा. पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलर किंवा कमी असेल तर माफ. रॉलीसाठी ईस्टर्न डिस्ट्रिक्ट, डरहॅमसाठी मिडल डिस्ट्रिक्ट. काउंटी ओळखायचं टप्पा १ मधलं काम इथेही उपयोगी पडतं.

इमिग्रेशनचा ताबा. आइस, म्हणजे इमिग्रेशन कायदा राबवणारी केंद्रीय यंत्रणा, हिच्या शोधयंत्रणेत एकतर एलियन नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश, किंवा पूर्ण नाव आणि जन्मदेश टाकावा लागतो. नाव हुबेहूब जुळावं लागतं, पहिली काही अक्षरं चालत नाहीत. इथे तयारीत केलेला नावाचा कागद काढा आणि पासपोर्टवरचं, व्हिसावरचं, लायसन्सवरचं अशी सगळी रूपं एकेक करून टाका.

## काहीच सापडलं नाही तर

या क्रमाने कारणं तपासा: स्पेलिंग, नावांची अदलाबदल, चुकीची काउंटी, केंद्रीय प्रकरण. मग हेही लक्षात घ्या की अल्पवयीन मुलांच्या कोर्टाच्या नोंदी खुल्या नसतात, आणि पुसलेल्या नोंदी सर्वसामान्यांना दाखवल्या जात नाहीत. पोलिसांनी चौकशी करून सोडून दिलं असेल आणि आरोपच ठेवला नसेल, तर कोर्टात फाइल उघडलेलीच नसते.

कुणाला लेखी कळवायचं असेल तर ‘या माणसाला कधीच अटक झालेली नाही’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेला, वेक आणि डरहॅम काउंटीत, या स्पेलिंगांनी शोधलं, काही आढळलं नाही’ असं लिहा. तुम्ही खरोखर जेवढं पाहिलंत तेवढंच यात येतं.

## सापडलं तर

नोकरीवर ठेवण्यासाठी किंवा घर भाड्याने देण्यासाठी बॅकग्राउंड कंपनीचा अहवाल घेणार असाल, तर फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्ट लागू होतो. नोकरीसाठी उमेदवाराची लेखी संमती आधी घ्यावी लागते, आणि अहवालावरून नकार देणार असाल तर तसं कळवून त्याला अहवालाची प्रत द्यावी लागते. दोषसिद्धी न झालेल्या अटका सात वर्षांनंतर सहसा अशा अहवालात देता येत नाहीत. खासगी साइटवरचा अहवाल वापरून गुपचूप निर्णय घेतलात तर अडचणीत तुम्ही याल.

स्थळाची चौकशी म्हणून कुणी हे करत असेल तर त्याला माझं एकच सांगणं आहे. पोर्टलवरच्या पानाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. ते पान उद्या बदलेल, कदाचित पुसलं जाईल, पण ग्रुपवरचा फोटो पुण्या-नाशिकपर्यंत पोचून तिथेच राहील. त्या मुलाला किंवा मुलीला प्रकरण क्रमांक दाखवून सरळ विचारा. निकालाची प्रमाणित प्रत काढून दाखवणं त्यांना सहज जमतं.

आणि स्वतःबद्दल खासगी साइटवर चुकीचं काही दिसलं, तर त्या साइटला पैसे देऊन ते काढून घेण्याआधी क्लार्ककडून निकालाची किंवा एक्सपंजमेंटच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि ती जोडून लेखी दुरुस्ती मागा. पुसलेली नोंद पुढे पसरवत राहणाऱ्या खासगी कंपनीवर नॉर्थ कॅरोलायनात दिवाणी दावा करता येतो. पत्र पाठवल्याची तारीख आणि पावती जपून ठेवा. वकिलाकडे गेलात तर तो आधी तीच मागेल.